अपडेटनंतर वायफाय गेलं: नेमकं कुठं तुटलंय ते शोधायचा धागा

दुधना (जालना)

राउटर चालू, मोबाईलला नेट येतंय, फक्त लॅपटॉपलाच येत नाही आणि काल रात्री अपडेट पडलंय. हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि उत्तरं पंधरा धाग्यांत विखुरली आहेत. ती इथं एका जागी आणू. विंडोजपासून सुरुवात करतो, लिनक्सवाल्यांनी खाली भर घालावी.

बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला 'नेटवर्क रीसेट मारा' असा असतो. माझ्या मते तो शेवटून दुसरा उपाय. रीसेट मारलं की साठवलेले सगळे पासवर्ड जातात, हातानं घातलेला आयपी जातो, व्हीपीएन उडतं आणि त्या आयपीवर लावलेला प्रिंटर मुका होतो. अन् बिघाड ड्रायव्हरमध्ये (वायफाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असेल तर एवढं करूनही वायफाय येत नाही, कारण रीसेट त्याच ड्रायव्हरला परत बसवतं.

आधी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवा. कार्डच दिसत नाही का? कार्ड दिसतं पण नेटवर्कची यादी रिकामी आहे का? यादीत आपलं नाव आहे पण जोडत नाही का? की जोडलंय आणि तरी पान उघडत नाही? या चारही बिघाडांची कारणं वेगळी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

ओळखायला मिनिटभर लागतो. विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'नेटवर्क अडॅप्टर्स' बघा. वायरलेस, वायफाय किंवा ८०२.११ असं लिहिलेली ओळ तिथं नसेल तर 'व्ह्यू' मधून 'शो हिडन डिव्हायसेस' करा. ओळ पुसट दिसली, पिवळा त्रिकोण दिसला किंवा दिसलीच नाही, तर तो पहिला प्रकार. ओळ ठीक असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस द्या (नेटश म्हणजे एन-ई-टी-एस-एच, डब्ल्यूलॅन म्हणजे डब्ल्यू-एल-ए-एन. धाग्यात सगळं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना मूळ अक्षरं घाला). 'स्टेट' समोर काय येतं ते टिपून ठेवा. इथं प्रश्न विचारताना ती ओळ लिहाच.

आणि हात घालण्याआधी लॅपटॉपला नेटची दुसरी वाट करून द्या, नाहीतर ड्रायव्हर उतरवणार कुठून? मोबाईल केबलनं जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टिथरिंग चालू करा. हॉटस्पॉट उपयोगाचा नाही, त्यालाही वायफायच लागतं. केबल डेटाची पाहिजे. नुसती चार्जिंगची असली तर टिथरिंगचं बटण पुसटच राहतं. बहुतेक अँड्रॉइड फोन स्वतःचं वायफायही केबलमधून पुढं देतात, म्हणजे सिमचा डेटा खर्च होत नाही. सिमवरच चालवायचं असेल तर हे जोडणं सेटिंगमध्ये 'मीटर्ड' करून ठेवा, नाहीतर विंडोज त्याच डेटावर पुढचं अपडेट ओढायला बसेल.

---

तारतुटका (नांदेड)

कार्ड न दिसण्याबद्दल मी लिहितो.

ओळीवर डबल क्लिक करा, 'डिव्हाइस स्टेटस' मध्ये कोड असतो. तो वाचल्याशिवाय कायबी करू नका. कोड २२ म्हणजे कार्ड बंद करून ठेवलंय, राइट क्लिक करून 'एनेबल' करा, संपलं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड ४५ म्हणजे पूर्वी होतं, आता मशीनला सापडत नाही. कोड १० आणि ४३ मात्र घोळाचे: ड्रायव्हर आहे, पण कार्ड उठत नाही.

१० किंवा ४३ असेल तर ड्रायव्हरच्या मागं लागण्याआधी वीज पूर्ण उतरवा. लॅपटॉप बंद, चार्जर काढा, सगळ्या यूएसबी काढा, बॅटरी निघत असेल तर तीही. मग पॉवरचं बटण ३० ते ४० सेकंद दाबून धरा. नंतर चार्जर लावून चालू करा. हा मंत्रतंत्र नाही. इंटेलची ९५६०, एएक्स२०१, एएक्स२११ ही कार्डं 'सीएनव्हीआय' पद्धतीची आहेत. त्यात वायफायचं निम्मं काम मुख्य चिपमध्ये होतं, कार्डावर फक्त रेडिओचा भाग असतो. अपडेटनंतर त्या दोन भागांची गाठ चुकीच्या अवस्थेत अडकली तर नुसत्या रीस्टार्टनं सुटत नाही, कारण रीस्टार्टमध्ये कार्डाचा पुरवठा तुटत नाही.

अजून एक फसवणूक. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाऊन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणून 'दहा वेळा बंद-चालू केलं' याला अर्थ नाही. शिफ्ट दाबून शटडाऊन करा, किंवा कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

एवढ्यानं उठलं नाही तर ड्रायव्हर. त्याच खिडकीत 'ड्रायव्हर' टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'. कोड २८ असेल तर 'डीटेल्स' टॅबमध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा आणि 'व्हेन' नंतरची चार अक्षरं बघा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १६८सी क्वालकॉम अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम. त्यापुढचा 'डेव्ह' क्रमांक म्हणजे नेमकं मॉडेल. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून, मॉडेल क्रमांक घालून घ्या. एकच लॅपटॉप मॉडेल दोन-तीन वेगवेगळ्या कार्डांसह विकलं जातं, म्हणून शेजाऱ्याच्या तसल्याच लॅपटॉपचा ड्रायव्हर चालेलच असं नाही.

'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणारी सॉफ्टवेअरं टाकू नका. वायफायसोबत आणखी चार ड्रायव्हर बदलून ठेवतात, मग गाठ कुठली सोडायची तेच कळत नाही.

---

हिंगोली_सेवाकेंद्र

तारतुटका दादा, डेस्कटॉपला यूएसबी डोंगल आहे. यादीत डोंगल दिसत नाही. पण 'धिस पीसी' मध्ये एक सीडी ड्राइव्ह नवीनच दिसायला लागलाय. दुसऱ्या मशीनवर कार्ड दिसतं, पण रोल बॅकचं बटण पुसट आहे. दोन्हीचं सांगा.

---

तारतुटका (नांदेड)

सीडी ड्राइव्ह म्हणजेच तुमचा डोंगल. स्वस्तातले बरेच डोंगल लावल्या लावल्या आधी सीडी असल्याचं सोंग घेतात. त्या सीडीत त्यांचा ड्रायव्हर असतो. ड्रायव्हर बसला की ते सोंग टाकून वायफाय कार्ड होतात. अपडेटनं ड्रायव्हर उडवला की बिचारा सीडी म्हणूनच बसून राहतो. 'धिस पीसी' मध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा, दहा सेकंद थांबा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवीन ओळ येते का बघा. आली आणि त्रिकोण असला तर त्याच सीडीतला सेटअप पुन्हा चालवा.

डोंगल पुढच्या निळ्या पोर्टात असेल तर मागच्या काळ्या पोर्टात, म्हणजे यूएसबी २ मध्ये लावा. यूएसबी ३ च्या पोर्टातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर पडते. शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क चालू असली तर डोंगलला राउटर ऐकूच येत नाही. फूटभराची एक्स्टेंशन केबल लावली तरी फरक पडतो.

आता पुसट बटण. मागचा ड्रायव्हर साठवलेला नसला की बटण पुसट होतं. पण विंडोजच्या कोठारात जुनी आवृत्ती बऱ्याचदा पडून असते. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट'. तिथं एकाच नावाच्या दोन-तीन ओळी वेगवेगळ्या तारखांच्या दिसतील. अपडेटच्या आधीची तारीख निवडा.

नवीन ड्रायव्हर मुळापासून काढायचा असेल तर अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयुटिल /एनम-ड्रायव्हर्स द्या (पी-एन-पी-यू-टी-आय-एल). लांब यादी येते. त्यात 'क्लास नेम' नेट किंवा नेटवर्क अडॅप्टर्स असलेली, तुमच्या कंपनीची नोंद शोधा, तिच्या 'पब्लिश्ड नेम' ला ओईएम आणि एक आकडा असतो. समजा तो २३ आहे, तर पीएनपीयुटिल /डिलीट-ड्रायव्हर ओईएम२३.आयएनएफ /अनइन्स्टॉल. आकडा दोनदा तपासा. चुकीचा दिलात तर प्रिंटर किंवा टचपॅड जाईल.

---

कयाधू

एवढा कुटाणा कशाला? फॉरमॅट मारा, तासाभरात मोकळं.

---

दुधना (जालना)

मोकळं कसलं. कोरं विंडोज पहिल्याच दिवशी विंडोज अपडेटमधून तोच ड्रायव्हर खाली ओढतं आणि गाडी परत तिथंच येते. शिवाय सेवा केंद्राच्या मशीनवर अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (आधारसाठी अंगठा वाचून देणारं सॉफ्टवेअर), डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, टॅली, मराठी फॉन्ट असं सगळं परत बसवायचं. पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात हे कोण करणार?

जाता जाता: 'थंब घेत नाही' म्हणजे वायफायचा दोष नव्हे. आरडी सर्व्हिस मशीनच्या आतच ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर ऐकत असते. यंत्राचा दिवा लागतच नसेल तर सर्व्हिसेसमध्ये ती चालू आहे का बघा, राउटरला हात लावू नका.

ड्रायव्हर मागं नेल्यावर तो परत पुढं जाऊ नये म्हणून: सर्चमध्ये 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधा आणि 'नो' करा. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' चालू करा. तो जास्त पक्का बंदोबस्त.

---

माळवदी (परभणी)

दुसऱ्या प्रकारावर, म्हणजे कार्ड ठणठणीत पण यादीत आपलं नाव नाही किंवा येतं-जातं, यावर आपल्या भागापुरतं लिहिते.

आपल्याकडची माळवदाची घरं, गढीच्या शेजारचे वाडे. भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन, अडीच-अडीच फूट. ५ गिगाहर्ट्झची लहर त्यातून जेमतेम एक भिंत ओलांडते. २.४ ची त्यामानानं बरी जाते. अपडेटमध्ये नवीन ड्रायव्हर आला की त्याच्या 'अॅडव्हान्स्ड' टॅबमधल्या जुन्या सेटिंगा पुसल्या जाऊन मूळपदावर येतात. कोणी पूर्वी तिथं 'प्रेफर २.४' लावून दिलेलं असेल तर ते जातं, लॅपटॉप ५ वर चढतो, ओसरीत नीट चालतो आणि आतल्या खोलीत गेला की तुटतो. लोक म्हणतात अपडेटनं वायफाय बिघडवलं. बिघडलं काही नाही, पट्टा बदललाय.

तपासायचं असं. दुधनाभाऊंनी दिलेल्या नेटश कमांडमध्येच 'चॅनल' आणि 'सिग्नल' येतं. चॅनल १ ते १३ मधला असेल तर २.४, ३६ किंवा त्यापुढचा असेल तर ५. सिग्नलच्या टक्क्यांचं खऱ्या मापात रूपांतर सोपं आहे: टक्क्यांचे निम्मे करा आणि त्यातून १०० वजा करा. ८० टक्के म्हणजे उणे ६० डीबीएम, छान. ६० टक्के म्हणजे उणे ७०, काम चालतं. ४० टक्के म्हणजे उणे ८०. तिथं ओटीपीच्या पानावर फिरणारं चक्र बघत बसावं लागतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर डबल क्लिक, 'अॅडव्हान्स्ड', 'प्रेफर्ड बँड', त्यात २.४. हा पर्याय काही ड्रायव्हरांत नसतोच. मग राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या आणि आतल्या खोलीतल्या मशीनवर फक्त २.४ चं नाव जतन करा. पत्र्याच्या खोलीत राउटर पत्र्याला चिकटून टांगू नका. पत्र्यातून लहर पार होत नाही, उलटी फिरते. दाराच्या रेषेत, छातीच्या उंचीवर ठेवा.

नाव अजिबात दिसत नसेल, पण मोबाईलला दिसत असेल, तर राउटरचा चॅनल बघा. आपल्याकडे २.४ मध्ये १३ पर्यंत चॅनल चालतात, अमेरिकेतल्या मांडणीत ११ पर्यंतच. नवीन ड्रायव्हर अमेरिकी मांडणी धरून उठला तर १२ आणि १३ वरचं राउटर त्याला दिसतच नाही. राउटरमध्ये 'ऑटो' काढून १, ६ किंवा ११ लावा. ५ मध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ ठेवा. ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे आहेत. तिथं राउटर चालू झाल्यावर किमान मिनिटभर ऐकत बसतं आणि रडारची चाहूल लागली तर चॅनल सोडून देतं. लाइट गेल्यावर प्रत्येक वेळी 'वायफाय उशिरा येतं' म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

---

तारतुटका (नांदेड)

माळवदीताईंच्या मुद्द्याला जोड. माझ्या वरच्या सल्ल्याप्रमाणे ड्रायव्हर फार मागं नेला तर उलटा त्रास होऊ शकतो. इंटेलच्या कार्डांचे बरेच जुने ड्रायव्हर वायफाय ६ (म्हणजे ८०२.११एएक्स) च्या राउटरचं नावच यादीत दाखवत नाहीत. म्हणून लगतची आवृत्ती घ्या, पाच वर्षांपूर्वीची नको. तरी नाव दिसलं नाही तर राउटरमध्ये २.४ साठी ८०२.११एएक्स बंद करून बघा.

शिवाय 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमध्ये 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस' ची खूण काढा. लॅपटॉप झोपून उठल्यावरच वायफाय जात असेल तर नव्वद टक्के तिथंच आहे. काही नव्या लॅपटॉपांत हा टॅबच नसतो, त्याला इलाज नाही.

---

बिंदुसरा_काठ (बीड)

यादीत नाव आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी 'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क' येतं. चार दिवसांत तीन मशीन अशी आली. एकाचं 'फरगेट' करून पासवर्ड परत टाकल्यावर झालं. बाकीच्या दोघांचं?

---

दुधना (जालना)

तीन गोष्टी बघा, याच क्रमानं.

राउटरमध्ये सुरक्षा 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड' आहे का? जुन्या कार्डाचा नवा ड्रायव्हर डब्ल्यूपीए३ चा प्रयत्न करतो आणि अर्ध्यात पडतो. नुसतं 'डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस' करा. 'टीकेआयपी' असेल तर ते काढाच. २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोज १० त्याला 'नॉट सिक्युअर' म्हणतंय.

राउटरमध्ये मॅक फिल्टर (परवानगी असलेल्या मशीनांच्या हार्डवेअर पत्त्यांची यादी) लावलाय का? ठरलेल्या मशीनांनाच नेट मिळावं म्हणून पुष्कळ दुकानांत लावलेला असतो. विंडोजमध्ये 'रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस' चालू झालं की मशीन नवा पत्ता घेऊन दारात उभं राहतं आणि राउटर ओळख देत नाही. सेटिंग, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, तिथं ते बंद करा.

तिसरं, कॉलेजचं किंवा ऑफिसचं वायफाय आहे का, जिथं पासवर्डसोबत युजरनेमही लागतं? त्या पद्धतीला ८०२.१एक्स म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या केबी५०३३३७५ या अपडेटनंतर काही कार्डं नेमकी असल्याच नेटवर्कला जोडेनाशी झाली होती. घरच्या वायफायला तो त्रास होण्याची शक्यता कमी होती. मायक्रोसॉफ्टनं तो बदल दूरूनच मागं घेतला. विंडोज ११ च्या २२एच२ मध्येही दोन बदल झाले: लॉगिनची ओळख आपोआप पुढं देणं एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्तीत अडलं आणि टीएलएस १.३ आधी वापरायला सुरुवात झाली. कॉलेजचा सर्व्हर जुना असेल तर तिथं गाडी अडते. हे लॅपटॉपवाल्यानं सोडवायचं काम नव्हे, नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे जा आणि विंडोजची नेमकी आवृत्ती सांगा.

तारीख-वेळही बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज तुटल्यावर मशीन चार-पाच वर्षं मागं जातं. मग प्रमाणपत्रं चुकीची ठरतात आणि नेट असूनही एकही सुरक्षित साइट उघडत नाही.

---

गोलाई_लातूर

आमच्याकडे चौथा प्रकार जास्त. हॉस्टेलांत 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. त्यावर लिहितो.

आयपीकॉन्फिग द्या. आयपी १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. विंडोजनं स्वतःच काहीतरी घातलाय. १९२.१६८ नं सुरू होत असेल तर पत्ता मिळालाय, दोष पुढं आहे. या दोन वाटा वेगळ्या ठेवा.

१६९ वाला असेल तर सर्व्हिसेसमध्ये 'डीएचसीपी क्लायंट', 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' आणि 'विंडोज कनेक्शन मॅनेजर' या तिन्ही चालू हव्यात. त्या चालू असतील तर नेटश आयएनटी आयपी रीसेट, मग नेटश विनसॉक रीसेट, मग रीस्टार्ट. रीस्टार्टशिवाय विनसॉकचा काही फायदा नाही. लक्षात ठेवा, पहिली कमांड हातानं घातलेला आयपीही पुसते. आधी लिहून घ्या.

हॉस्टेलात आणखी एक भानगड. राउटरकडे पत्ते मोजके, समजा १००. मुलं ४०, प्रत्येकाचा मोबाईल आणि लॅपटॉप, म्हणजे ८०. वरवर पुरतं. पण रँडम पत्ता 'रोज बदला' वर असेल तर तेच मशीन दुसऱ्या दिवशी नवीन गिऱ्हाईक म्हणून येतं आणि जुना पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. मुदत २४ तासांची असली की संध्याकाळी पत्ते संपतात. राउटरमध्ये डीएचसीपी लीज (म्हणजे ही पत्त्याची मुदत) २ तासांवर आणा, पत्त्यांची हद्द .२ ते .२५४ करा. लॅपटॉप फॉरमॅट करण्यात अर्थ नाही.

१९२ वाला असेल तर तीन वेळा पिंग करा. आधी राउटरला, म्हणजे आयपीकॉन्फिगमध्ये 'डिफॉल्ट गेटवे' समोर जो पत्ता आहे त्याला. मग ८.८.८.८ ला. मग कुठल्याही साइटच्या नावाला. पहिलंच अडलं तर अँटीव्हायरस किंवा जुन्या व्हीपीएनचा अडसर. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये त्यांनी घुसवलेल्या ओळीची खूण काढा. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी ती ओळ कधीकधी मागं राहते. दुसरं अडलं तर राउटरच्या पुढं बिघाड, मोबाईललाही नेट नसेल. तिसरं अडलं तर डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधून देणारी सेवा): १.१.१.१ आणि ८.८.८.८ हातानं घाला, आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस द्या. तिन्ही चाललं आणि तरी ब्राउझर उघडत नसेल तर प्रॉक्सी बघा, सेटिंगमध्ये 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' चालू राहिलेलं असतं.

---

हिंगोली_सेवाकेंद्र

इजेक्ट केलं, डोंगल आला. दुसरं मशीन मात्र अपडेट चालू असतानाच लाइट गेली तेव्हापासून असंय. जुनी तारीख निवडली तरी कोड १०. वीज उतरवूनही झाली.

---

दुधना (जालना)

मग अपडेट अर्धवट बसलंय. यूएसबी टिथरिंग जोडा आणि अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिझम (डी-आय-एस-एम) /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. हे खराब फायलींच्या जागी चांगल्या फायली मायक्रोसॉफ्टकडून आणतं, म्हणून नेट लागतं. बासष्ट टक्क्यांवर बराच वेळ थांबल्यासारखं दिसेल, बंद करू नका. ते संपल्यावर एसएफसी /स्कॅननाऊ. क्रम उलटा केला तर एसएफसी खराब कोठारातूनच दुरुस्ती करायला जातं.

तरी नाही झालं तर अपडेट काढा: सेटिंग, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, 'अनइन्स्टॉल अपडेट्स', आणि तारखेनं सगळ्यात अलीकडचं. मोठी आवृत्ती बदलली असेल, समजा २३एच२ वरून २४एच२, तर 'रिकव्हरी' मध्ये 'गो बॅक' असतं, पण १० दिवसच. ते दिवस संपायच्या आत डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६० दिलं तर ६० दिवस मिळतात. मधल्या काळात डिस्क क्लीनअपमधून 'विंडोज.ओल्ड' उडवू नका, परतीची वाट तीच आहे.

यापुढं डेस्कटॉपला इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर अपडेट लाइटच्या वेळापत्रकाबाहेर ठेवा. 'अॅक्टिव्ह अवर्स' मध्ये १८ तासांपर्यंत घालता येतात, तेवढ्या वेळात ते आपण होऊन रीस्टार्ट होत नाही. विंडोज ११ मध्ये अपडेट ५ आठवडे थांबवताही येतं.

---

पेंग्विन_लातूर

लिनक्सचं. उबुंटूवर कर्नल (लिनक्सचा गाभा) बदललं आणि वायफाय गेलं की पहिली तपासणी अगदी फुकटची आहे: रीस्टार्ट करताना एस्केप दाबा (जुन्या बायोसला शिफ्ट), ग्रबमध्ये (सुरू होताना येणाऱ्या यादीत) 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', आधीचं कर्नल निवडा. त्यावर वायफाय आलं तर कार्ड ठीक आहे, मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हर) नवीन कर्नलसाठी बांधलं गेलेलं नाही.

डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल परत बांधणारी सोय) स्टेटस द्या. मॉड्यूलच्या नावासमोर नवीन कर्नलचा आकडा नसेल तर बहुतेक वेळा 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' हे पॅकेज नसतं. ते टाका, मग ब्रॉडकॉम असेल तर 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स' रीइन्स्टॉल करा. बांधणी फसलीच तर डीकेएमएसच्या फोल्डरमधली 'मेक.लॉग' ही फाईल वाचा, चूक शेवटच्या दहा ओळींत असते.

बांधलं गेलंय पण चढत नाही? मोकयुटिल --एसबी-स्टेट. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही. पॅकेज टाकताना एक पासवर्ड मागितलेला असतो. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, त्यावर 'एनरोल मोक' करून तोच पासवर्ड द्यायचा. निळा पडदा दहाच सेकंद थांबतो, चहा घ्यायला गेलात तर हुकला.

रिअलटेक ८८२१सीईवाल्यांसाठी वेगळं. कर्नल ५.९ पासून याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, नाव 'आरटीडब्ल्यू८८'. जुन्या ब्लॉगवरून घेतलेला बाहेरचा ड्रायव्हर अजून बसलेला असेल तर दोघांची ओढाताण होते. बाहेरचा काढून टाका. आतला अधूनमधून लटकत असेल तर मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये 'ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१' अशी एक ओळ घाला. वेग मंद असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या पॉवरसेव्ह फाईलमध्ये ३ चे २ करा.

डेबियनवाल्यांनी १२ वर येताना सोर्सच्या यादीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' घातलंय ना ते बघावं, नाहीतर ड्रायव्हर असतो आणि फर्मवेअर (खुद्द कार्डात चढवायचं सॉफ्टवेअर) सापडत नाही.

---

बिंदुसरा_काठ (बीड)

दोन्ही मशीनचं मिक्स्ड काढून डब्ल्यूपीए२ केलं, जोडली.

एकाला मात्र कार्डच मेलेलं दिसतंय. जुन्या कर्नलवर नाही, विंडोजवरही नाही, बायोसमध्येही नाही. नवीन घेताना काय बघू?

---

तारतुटका (नांदेड)

आधी काढून परत बसवा. उन्हाळ्यात धूळ आणि उष्णतेनं कार्ड खाचेतून किंचित उचललं जातं. दोन्ही वायरी काढा, स्क्रू काढा, कार्डाच्या सोनेरी कडा साध्या खोडरबरनं पुसा, परत दाबा.

मेलंच असेल तर जुन्या कार्डाचा आकार बघा, बहुतेक २२ बाय ३० मिलिमीटरचं, एम.२, 'की ई' किंवा 'ए+ई'. एएक्स२०१ किंवा एएक्स२११ सारखं सीएनव्हीआय कार्ड एएमडीच्या बोर्डावर चालत नाही, तिथं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. काही कंपन्यांच्या जुन्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते. दुकानदाराला परत घेण्याचं आधी विचारा.

---

बिंदुसरा_काठ (बीड)

वायरी एक काळी, एक पांढरी आहे. कोणती कुठं?

---

तारतुटका (नांदेड)

कार्डावर छोटे त्रिकोण असतात. पांढरा त्रिकोण म्हणजे मुख्य अँटेना, काळा म्हणजे दुसरी. पण वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून जुनं काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि तसंच लावा. टोपी सरळ वरून नखानं दाबा, टक्क आवाज आला पाहिजे. तिरकी दाबली तर टोपी वाकते, मग पूर्ण अँटेनाची वायर बदलावी लागते, आणि ती स्क्रीनच्या मागून येते.